डाव्या मनगटाचा फोटो

आमच्या घरी चार पाहुणे जमले आणि जेवणे उरकली, की आमचे चिरंजीव एक गोष्ट सांगतात. "बाबांनी जन्मभर लोकांच्या हातापायांचे एक्स-रे काढले, आणि स्वतःच्या बायकोची पाळी आली तेव्हा भलताच हात मशीनखाली ठेवला." मंडळी पोट धरून हसतात. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारतो. मी सुपारी कातरत बसतो, कारण पाहुण्यांसमोर मुलाला खोटे पाडण्याची आमच्यात पद्धत नाही. मात्र लिहिण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. ही गोष्ट निखालस खोटी असती तर मी तिच्याकडे दुर्लक्ष केले असते. ती अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती टिकून राहिली आहे.

आधी माझ्या धंद्याविषयी दोन शब्द, कारण चिरंजिवांना तोही समजलेला नाही. ते बँकेत आहेत. एक्स-रे काढणे म्हणजे बटण दाबणे, अशी त्यांची समजूत आहे. बटण कोणीही दाबेल. खरे काम त्याच्या आधीचे असते: घाबरलेल्या, ठणकणाऱ्या, सोबतच्या तीन नातेवाइकांकडून तीन वेगवेगळे सल्ले ऐकणाऱ्या माणसाचा हात हव्या त्या कोनात आणून तिथे स्थिर ठेवणे. डॉक्टर चिठ्ठीवर 'मनगट, दोन बाजू' एवढेच खरडीत आणि चहाला जात. पुढचा संसार माझा.

आमच्याकडे एक्स-रेला फोटो म्हणतात, आणि फोटो म्हटल्यावर लोक त्याच तयारीने येत. करंगळी मोडलेला दुधनीचा एक आडत व्यापारी खिशातून कंगवा काढून मिशा विंचरून बसला होता. "फोटो हाताचा आहे," मी म्हणालो. "असू द्या की," तो म्हणाला, "चुकून आलो तर?" अशा माणसाला 'पंजा पालथा, कोपर काटकोनात, खांदा टेबलाच्या पातळीत' असे सांगितले, तर तो तिन्ही चुका एकदम करतो. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्याच कामाच्या भाषेत सांगत असे. विडी वळणाऱ्या बाईला म्हणायचे, पानावर तंबाखू पसरताना बोटे धरता तशी धरा. हात बरोबर तिरका येई. सांध्यांच्या दुखण्यासाठी दोन्ही हातांचा एक खास फोटो असतो. त्यासाठी कोणाला तीर्थाची ओंजळ करायला सांगायचे, कोणाला दुआ मागतात तसे हात धरायला. मशीनला दोन्ही धर्म सारखेच मान्य होते; देवांनीही कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

सर्वांत अवघड जागा अंगठ्याच्या बुडाशी. तिथे होडीच्या आकाराचे एक लहानसे हाड असते. माणूस पडताना हात टेकतो आणि त्याला तडा जातो. साध्या फोटोत तो पुष्कळदा लपतो. तो दिसायला हवा असेल तर पंजा पालथा ठेवून मनगट करंगळीच्या बाजूला वळवावे लागते. बायकांना मी सांगत असे, "भाकरी थापताना ती गोल फिरवायला हात वळतो ना, तसा धरा." हात आपोआप वळे. सोलापुरात हे वाक्य न कळणारी बाई मला भेटली नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. निवृत्तीनंतर मी घरी बसलो, आणि बायकोने कडक भाकऱ्यांचा उद्योग सुरू केला. दोन्ही गोष्टी एकाच सुमारास घडल्या, हा योगायोग नसावा. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या तिच्या भाकऱ्या पुण्यापर्यंत जातात. या घरात कोणाला मान असेल तर त्या भाकऱ्यांना. अशातच एका सकाळी नळावर परात घासताना ती घसरली आणि उजव्या हातावर पडली. मनगट सुजले. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "आता भाकरीचं कसं व्हायचं?"

चिरंजिवांनी आम्हांला गाडीतून एका नव्या तपासणी केंद्रात नेले आणि स्वतः बाहेर मोबाइल कानाला लावून उभे राहिले. हे नमूद करतो, कारण पुढे जे घडले त्याचे ते साक्षीदार नाहीत. ऐकीव माहितीवर त्यांनी आजवर इतक्या मेजवान्या जिंकल्या आहेत.

आत एक तरुण मुलगी होती. चुणचुणीत, हसरी. तिने सरळ आणि आडवा असे दोन फोटो काढले. ते काढताना कोपर कसे ठेवले होते याविषयी मी काही बोललो नाही, असे माझे म्हणणे आहे. ती मुलगी याविषयी वेगळे सांगेल. पडद्यावर चित्र आले.

"काही दिसत नाही, आजोबा. आजींचं हाड छान आहे."

"तिसरा काढा. मनगट करंगळीकडे वळवून."

"चिठ्ठीत दोनच लिहिलेत."

"चिठ्ठी लिहिणाऱ्याचं मनगट दुखत नाहीये."

"बरं, काढते. पण तुम्ही दाराबाहेर व्हा आधी. रेडिएशन असतं."

रेडिएशनविषयी मला सांगणारी ती पहिलीच व्यक्ती. मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो आणि तिथूनच बायकोला म्हणालो, "अगं, भाकरी थापतेस तसा हात ठेव आणि वळव."

बायकोने हात ठेवला. अतिशय सुरेख ठेवला. बोटे जुळलेली, मनगट जितके वळायला हवे तितकेच वळलेले. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी निर्दोष ठेवण मी क्वचितच पाहिली असेल. मुलीने मला मागे ढकलून दार लावले, बटण दाबले, आणि मग पडद्याकडे पाहत म्हणाली, "अहो आजी, हा डावा आला!"

चिरंजिवांच्या गोष्टीत एवढेच सत्य आहे. डाव्या मनगटाचा फोटो निघाला. मी तो हात ठेवला नाही. मी त्या हाताला स्पर्शही केला नाही. माझी सूचना अचूक होती आणि तिचे पालनही अचूक झाले.

मुलीने उजव्या हाताचा फोटो पुन्हा काढला. त्यातही काही स्पष्ट दिसले नाही. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंची वाट पाहत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मी हलक्या आवाजात विचारले, "अगं, तू डावखुरी आहेस?"

"हळू बोला की. लोकं ऐकत्यात."

"कधीपासून?"

"जल्मापासनं. माहेरनं, मंद्रूपातनं येताना हात बदलून आणायचा व्हता का?"

"पण जेवतेस तर उजव्याने. वाढतेस उजव्याने."

"ते शिकवलं आईनं मारून मारून. थापायचं न्हाय जमलं. उजव्यानं थापली की फाटतीया." तिने पदर सारखा केला. "पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, डाव्या हाताचं ह्या घरात कोण खात न्हाय, देव बी न्हाय. मग मी दाराकडं पाठ करून बसाय लागले. सवय झाली."

माझ्या मातोश्रींचा देवाशी थेट संबंध होता, असा त्यांचा समज होता. देवाचे मत मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुमी कवा इचारलं? ताटात आली की खायची, अन् मीठ कमी म्हणायचं."

यावर माझ्याकडे उत्तर होते, परंतु तेवढ्यात आम्हांला आत बोलावले. चिरंजीवही मोबाइल बंद करून आत आले. डॉक्टरीणबाईंनी फोटोकडे एक नजर टाकली आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या खळगीत बोटाने दाबले. बायको ओरडली. "फोटोत दिसो ना दिसो, इथे दुखतंय म्हणजे मी प्लास्टर घालणार," त्या म्हणाल्या. "काही दिवसांनी पुन्हा फोटो काढू." म्हणजे तिसरा फोटो निघाला काय किंवा न निघाला काय, उपचार तोच होता. हे चिरंजीव आवर्जून सांगतात. मीही नाकारीत नाही.

"अन् भाकरी?" बायकोने विचारले. दुसरे काही तिच्या डोक्यात नव्हतेच.

"ती बंद. कुठल्या हाताने थापता?"

बायको जमिनीकडे पाहू लागली. तिची अडचण मला त्या क्षणी पुरती कळली. उजवा म्हणावे, तर उद्योग बंद आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांनी दुसरी बाई शोधलेली. डावा म्हणावे, तर इतकी वर्षे पाठीआड ठेवलेले मुलासमोर उघडे.

"डाव्या," मी मोठ्याने म्हणालो.

"बाबा, काहीतरीच काय! आई उजव्याने थापते," चिरंजीव म्हणाले.

"तू पाहिलंस?"

"म्हणजे... सगळ्याच बायका उजव्याने थापतात."

"डाव्या," मी पुन्हा म्हणालो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग खुशाल चालू ठेवा. उजव्याने वजन उचलायचं नाही, एवढंच." बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर आभाराची होती असे मी म्हणणार नाही. दोन शिव्या तीत निश्चित होत्या. परंतु दुसऱ्याच दिवशी परात मांडली गेली.

पीठ कोणी मळले? मी. ही बाब चिरंजिवांच्या गोष्टीत येत नाही. गरम पाण्यात हात घालून ज्वारीचे पीठ मळणे हे काम कोणत्याही एक्स-रेपेक्षा अवघड आहे, आणि माझ्या पिठाची पहिली भाकरी फाटली तेव्हा दोष हाताला नव्हे, पिठाला मिळाला.

मग गल्लीभर नवीच आवृत्ती पसरली: काय ही जिद्द! या वयात म्हातारी डाव्या हाताने भाकरी शिकली! सून तसे सांगू लागली, शेजारणी कौतुकाने पाहायला येऊ लागल्या, चिरंजिवांनी स्वतःच्या गोष्टीला हा शेवट जोडून घेतला. बायकोला हे फार सोयीचे पडले. तिचे काम चालू राहिले आणि गुपितही झाकले गेले. मला मात्र ते सहन होईना. एखाद्या बाईने जन्मभर केलेले काम लोक महिन्याभराची करामत म्हणून मिरवतात, आणि ती खाली मान घालून हसते! मी बोललो, तर म्हणाली, "जाऊ द्या की. भाकरी खपतीया न्हवं?"

प्लास्टर निघण्याच्या थोडे आधी अकलूजहून माझी थोरली बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. आईचे सगळे नियम तिने वारशाने घेतले आहेत, दागिने धाकटीने घेतले. अक्का ताटावर बसली, कडक भाकरी मोडली, शेंगाचटणीला लावली आणि म्हणाली, "डाव्या हाताची हाय, पर नाइलाज म्हणून चालतंय. आजाऱ्याला देव माफ करतो. शिकली बाई, कौतुक हाय."

"शिकली नाही," मी म्हणालो.

"अहो," बायको म्हणाली.

"ती पहिल्यापासून डाव्यानेच थापते. या घरात आली त्या दिवसापासून. तू माहेरपणाला येऊन खाल्ल्यास त्याही डाव्याच, आणि आई जात होती तेव्हा दुधात कुस्करून दिल्या त्याही."

अक्काचा हात घास घेताना थांबला. चिरंजीव मोबाइल खाली ठेवून पाहू लागले. बायकोचा चेहरा उतरला. उद्यापासून तिच्या भाकऱ्या या घरात आणि या घराण्यात चालणार की नाही, याचा निकाल अक्काच्या तोंडात होता, आणि तो मी तिथे आणून ठेवला होता. मला त्याची खंत नव्हती, आजही नाही.

"वन्सं," बायको हळूच म्हणाली, "व्हय. खरं हाय ते."

अक्काने घास चावला. सावकाश, दात नसलेल्या बाजूने दात असलेल्या बाजूला नेत. मग तिने विचारले, "आईला ठाव न्हवतं?"

"न्हाय."

"अन् ती म्हणायची, भाकरी खावी तर थोरल्या सुनेच्या हातची." अक्का हसू लागली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाणी दिले. "माजं सगळं आयुष्य गेलं उजव्या हातानं, अन् एक दिवस म्हणाली न्हाय माज्या भाकरीला चांगली."

तिने ताट पुढे सरकवले.

"दे अजून. अन् जरा हिकडं तोंड करून थाप की, बघू तरी दे कशी फिरवतीस ती."