सरांची नागपूरची मॅच

आमच्या पी.टी.च्या सरांचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नसे, तरी त्यांची आरोळी थेट बोर धरणापर्यंत जाते असं आमच्या गावात, हिंगणीत म्हणत. गालात कायम खर्रा. सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला ऐवज पन्नीतून काढून गालात दाबायचा आणि मग आम्हा पोरींना कुरकुऱ्यांवरून झापायचं, हा त्यांचा न्याय. "काऊन वं, पोटात कचरा भरून धावशीन का?" असं त्यांनी विचारलं की आम्ही मान खाली घालून हसायचो. उलट बोलायची कोणाची टाप नव्हती.

बास्केटबॉल शिकवायची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. मैदान मातीचं, रिंग एकच. दुसरी गंजून कधीच पडलेली. संध्याकाळी धरणाकडून वारा सुटायचा आणि बॉल उजवीकडे ढकलायचा. म्हणून सरांनी आम्हाला नेमच जरा डावीकडे धरायला शिकवलं. "वाऱ्याले त्याचं काम करू द्या," म्हणायचे. तसं मारून मारून आमचे हातच तसे वळले. आमच्या मैदानावर येणाऱ्या संघांची मात्र आम्ही दाणादाण उडवायचो.

शाळांच्या स्पर्धेतली नागपूरची मॅच ठरली तेव्हा सर नुसता मऊ वरणभात खात होते आणि आवाज पार बसला होता. दाढ दुखते म्हणाले. आम्हाला ते खरं वाटलं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना दुसरं काय सुचणार?

तिथला हॉल बंदिस्त, जमीन लाकडी, गुळगुळीत. आम्ही मारलेला प्रत्येक बॉल रिंगच्या डाव्या कडेला आपटून बाहेर. बघणारे हसायला लागले. मध्यंतरापर्यंत आम्ही इतक्या मागे पडलो की मला रडूच कोसळलं. सरांनी जवळ बोलावलं. ओरडता येत नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्या तोंडाशी डोकी नेली.

"पोरीहो, इथं वारा नाई. तुमी धरणाचा वारा संगं घेऊन आल्या. सिद्धा मारा."

इतकी वर्षं त्यांनीच लावलेली सवय, आणि आता तेच ती मोडा म्हणत होते. पहिले काही बॉल चुकले, मग हात सरळ झाला. हसणारे गप्प बसले. शेवटचा बास्केट मी मारला आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. सर खुर्चीला धरून उभे होते, डोळे भरलेले. मला वाटलं, आनंदाने.

परतीच्या बसमध्ये आम्ही नुसता धिंगाणा घातला. केळझरला पेढे घेतले. सरांसाठी एक नेला, तर तो तोंडात जाईना. चुरून दिला तरी गिळवेना. तेव्हा कुठे आमचा आवाज बंद झाला.

सेलूच्या स्टँडवर काकू, म्हणजे सरांची बायको, वाट बघत उभ्या होत्या. दवाखान्यातून फोन आला होता: पेशंट का आला नाही? जिभेच्या ऑपरेशनसाठी सरांना त्याच दिवशी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं. घरी त्यांनी तारीख पुढे गेली म्हणून थाप मारली होती. काकूंनी त्यांच्या हातातली बॅग ओढून घेतली.

हरलो असतो तर सर दुसऱ्या दिवशी सावंगीला गेले असते. जिंकलो म्हणून पुढची फेरी आली, आणि "एवढी एक मॅच होऊ दे" म्हणत त्यांनी पुढची तारीखही टाळली. ती मॅच आम्ही हरलो. तोवर आजार पसरला होता. जीभ काढावी लागली.

सर वाचले, एवढंच. आता ते अंगणात खुर्ची टाकून बसतात, नळीतून जेवतात. मी गावी गेले की त्यांच्याकडे जाते. कोणी पाहुणा आला असला की सर माझ्याकडे बोट करतात आणि मग हाताने बॉल उडवल्यासारखं करतात. नागपूरची मॅच सांग, असा त्याचा अर्थ. मला ती सांगवत नाही, पण त्यांचा चेहरा असा फुललेला असतो की नाही कसं म्हणू? मी सांगायला लागते, आणि काकू उठून घरात निघून जातात.