नीलम्माचं कर्नाटक

घाटनांदूरला स्टँडच्या समोर नागप्पाचं किराणा दुकान आहे. नागप्पाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी लोक अजून नागप्पाचं दुकान म्हणूनच ओळखतात, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या नीलम्मालाही ते तसंच बरं वाटतं. या दुकानात एके काळी साखर-शेंगदाण्याबरोबर आणखी एक गोष्ट रोज तोलली जायची. एका पारड्यात महाराष्ट्र आणि दुसऱ्यात कर्नाटक. तोलणारी नीलम्मा, त्यामुळे कर्नाटकाचं पारडं दर वेळी खाली.

नीलम्माचं माहेर गुलबर्ग्याच्या पलीकडं, जेवर्गीच्या बाजूला, भीमेच्या काठाला. गल्लीत टँकर आला की ती घागर कमरेवर घेता घेता म्हणायची, "आमच्याकडं नदी दारात हाय." लाईट गेली की, "आमच्याकडं असं न्हाई बाई." ज्वारी निवडताना, "आमच्याकडची भाकरी बघा, अशी पातळ की पलीकडचं दिसतंय." ऐकणारे हसायचे. नागप्पा पुडी बांधता बांधता म्हणायचा, "कर्नाटक सरकारनं हिला पगार चालू करायला पायजे. एवढी जाहिरात कोन फुकट करतंय?"

सगळ्यात जास्त छेडायचा तो धुळाजी. दसरा झाला की हा माणूस बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा, बहुतेक साली कर्नाटकातच.

"वयनी, मी बी चार-चार महिने तुमच्या कर्नाटकात ऱ्हातो," तो तंबाखू मळत म्हणायचा. "मला तर तिथं कोन पुसंना. तुमाला कोनतं कर्नाटक घावलंय?"

"तुमी ऊस बघितला भाऊजी, मानसं कुठं बघितली?"

"मानसं बघितली की. पर तिथं कोयता चालतो वयनी, तोंड चालत न्हाई. एकडाव ताप आल्ता, दवाखान्यात गेल्तो. डाक्टर काय पुसतोय ते मला कळंना, मी काय सांगतोय ते त्याला. दोघं बी एकमेकाच्या तोंडाकडं बघत बसलो."

दुकानात हशा पिकला. नीलम्माही पोट धरून हसली. धुळाजीनं किती मोलाचं सांगून ठेवलं होतं, ते तिला फार उशिरा कळलं.

ती स्वतः या गावात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मराठीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच दिवशी तिनं सासूकडं कन्नडमधून पाणी मागितलं, आणि दारात जमलेल्या बायकांत खसखस पिकली. नणंदांनी पुढं कितीतरी दिवस तिच्यासारखं बोलून दाखवायचा खेळच केला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण नीलम्मानं मनाशी ठरवलं की आपली भाषा पुन्हा या घरात तोंडातून काढायची नाही. वर्षाच्या आत ती अशी मराठी बोलायला लागली की नवीन गिऱ्हाइकाला संशयही येऊ नये. कर्नाटकाचं कौतुक मात्र राहिलं. तेवढं ती पोटभर करायची, आणि करायची ते मराठीतून.

कन्नड उरलं एकाच ठिकाणी. सकाळी आंघोळ झाली, कपाळाला विभूती लावली, इष्टलिंग तळहातावर घेतलं की आईनं लहानपणी शिकवलेलं देवाचं म्हणणं ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. तेवढा वेळ ती तिच्या माहेरी असायची. छोटी रुद्राणी शेजारी येऊन बसायची, आईच्या ओठांकडं टक लावून बघायची.

"आई, काय म्हनतीस गं?"

"देवाचं हाय."

"मला सांग की."

"तुला काय करायचंय? जा, दप्तर भर."

दप्तर भरलं गेलं, पोरगी शाळेत गेली. म्हणणं राहून गेलं.

ही रुद्राणी म्हणजे बोलण्याचं यंत्र. चौथीत असताना दुकानातल्या साखरेच्या पोत्यावर उभी राहून भाषण करायची. "सन्माननीय व्यासपीठ आणि माझ्या बालमित्रांनो," म्हणून सुरुवात, आणि मग गिऱ्हाईक पिशवी हातात घेऊन थांबलेलं. हायस्कूलला गेल्यावर अंबाजोगाईच्या वक्तृत्व स्पर्धेत दोनदा पहिली आली. ते कप नागप्पानं दुकानात वरच्या फळीवर, उदबत्त्यांच्या खोक्याशेजारी ठेवले होते. तेलाचा हात लागू नये म्हणून ते तो स्वतःच पुसायचा.

बारावी झाली आणि दोन स्थळं आली. एक अंबाजोगाईचं, कापडाच्या दुकानाचं, आपल्यातलंच. दुसरं नीलम्माच्या भावाचा मुलगा रवी. आत्याची पोरगी मामाच्या घरात द्यायची, हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. भावानं तर रुद्राणी पाळण्यात असतानाच शब्द टाकला होता. रवी निर्व्यसनी, शेताला पाणी, घर स्लॅबचं.

 दोन दिवसांनी नागप्पा जेवताना म्हणाला, "अंबाजोगाई बरी वाटती मला. पोरगी बोलती लई. बोलायला मिळंल तिथं द्यावी."

"कावून? माझ्या भावाच्या घरी काय मुकी मानसं हायत?" नीलम्मा एकदम उसळली. मग तिनं सगळी मापं काढली. इथं तीन सालाआड दुष्काळ, तिथं नदी. इथं हंडे वाहून पोरींच्या कंबरा जातात, तिथं दारात नळ. इथं परक्याची सासू, तिथं सख्खी मामी. तिचं म्हणणं खोटं नव्हतं, एकूण एक गोष्ट खरी होती.

"आन भाषा?" नागप्पानं विचारलं.

"माझ्या पोटची हाय. दोन म्हैन्यात शिकंल. मी न्हाई शिकले?"

रुद्राणीनं आईला एकटीला गाठून विचारलं होतं, "आई, तू सांगतीस तसंच हाय ना गं तिथं?"

"त्याच्याहून चांगलं," नीलम्मा म्हणाली.

लग्न झालं. रुद्राणीच्या ओटीभरणाला नीलम्मा माहेरी गेली, आता लेकीच्या सासरी म्हणून. पडवीत बायका बसल्या होत्या, थट्टामस्करी चाललेली. नीलम्मा कितीतरी वर्षांनी आपल्या भाषेत खळखळून बोलत होती. बोलता बोलता तिचं लक्ष रुद्राणीकडं गेलं. हिरव्या साडीतली रुद्राणी पाटावर बसून हसत होती. पण सगळ्या हसल्या की मग ती हसायची, आणि हसायच्या आधी एकदा आजूबाजूला बघायची.

शेजारची एक म्हातारी नीलम्माच्या मांडीवर हात ठेवून कौतुकानं म्हणाली, "सून लई गरीब मिळाली गं तुझ्या भावाला. तोंडातनं शब्द काढत न्हाई."

नीलम्माच्या डोळ्यांपुढं फळीवरचे कप आले.

स्वयंपाकघरात दोघीच असताना तिनं विचारलं, "रुद्रा, कुनी काय बोलतंय का तुला?"

"न्हाई गं. मामी जीव लावती. हे बी चांगले हायत." रुद्राणी परातीतलं पीठ उगाच मळत राहिली. "भाकरी-पान्यापुरतं येतंय मला आता. पर आई, हसायचं कवा ते कळत न्हाई. सगळ्यांच्या तोंडाकडं बघून हसावं लागतं."

नीलम्मा गावाकडं परतली. नागप्पानं दुकानातूनच हाक मारली, "काय म्हनतंय तुझं कर्नाटक?"

"बरं हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिनं तोलणं बंद केलं. नागप्पाला कळलं असावं. तो पुन्हा कधी विचारायला गेला नाही, आणि मी तुला सांगितलं होतं असंही कधी म्हणाला नाही, अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं नीलम्माला अजून वाटतं. तिकडं बायकांना बस फुकट झाली तेव्हा धुळाजी मुद्दाम सांगायला आला. "वयनी, आमच्यात अर्ध्या तिकिटावर भागवलं, तुमच्यात पुरं माफ. जिंकल्या तुमी!" नीलम्मानं त्याचा गूळ तोलून दिला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. धुळाजी ओशाळून पैसे ठेवून निघून गेला.

यंदा मे महिन्यात रुद्राणी पोरीला घेऊन आली. पोरीचं नाव दानेश्वरी, घरात दानू. सहा वर्षांची, आईसारखीच बडबडी. बापाशी कन्नड, आईशी मराठी. आल्या आल्या साखरेच्या पोत्यावर चढली आणि आईनं शिकवलेलं "सन्माननीय व्यासपीठ" म्हणून दाखवलं. मग तिथूनच ओरडली, "अज्जी, नंतर काय म्हनायचं?" नीलम्माला हसू आलं, आणि पदर डोळ्याला लावावा लागला.

दुपारी शटर अर्धं ओढून दोघी मायलेकी आत बसल्या. रुद्राणी म्हणाली, "आई, दानूला तुझ्याजवळ ठिवावं म्हनते. इथल्या शाळंत घालावं. हे हो म्हनलेत."

 नागप्पा गेल्यापासून ती दोनच भाकरी थापत होती. एक सकाळची, एक रात्रीची.

"पोरीला सोडून ऱ्हाशील तू?"

"ऱ्हाईन." रुद्राणीनं बाहेर खेळणाऱ्या दानूकडं बघितलं. "ती आता त्यांच्यात बसून हसती, आई. मी बोलले की चारचौघांत माझं बोलनं नीट करून सांगती. मोठी झाली की ती बी त्यांचीच होईल. इथं शिकली तर माझ्या भाषेचं एक मानूस तरी ऱ्हाईल मला. तू सांग. तू म्हनशील तसं करते."

पुन्हा पोरगी तिलाच विचारत होती. नीलम्मा म्हणाली, "बघू दोन दिवस." पण मनातून तिचं ठरलंच होतं. संध्याकाळी तिनं माळ्यावरून नागप्पाची जुनी पेटी काढली, पुसली, दानूच्या दप्तरासाठी जागा केली. दुसऱ्या दिवशी पूजेला बसली तेव्हा देवाचे आभारसुद्धा मानले.

दानू गल्लीतल्या पोरांत रमली होती. दिवसभर तिचा आवाज दुकानापर्यंत यायचा. मग एका संध्याकाळी तो आला नाही. दानू पायरीवर येऊन बसली, एकटीच.

"काय झालं गं?" नीलम्मानं कन्नडमधून विचारलं. लग्नानंतरच्या त्या पहिल्या दिवसानंतर या घरात ती पहिल्यांदाच मोठ्यानं कन्नड बोलली असेल.

दानूनं घाईनं रस्त्याकडं बघितलं. मग हळूच, मराठीतून म्हणाली, "आजी, पानी दे."

"आजी? अज्जी म्हनत हुतीस की."

"न्हाई. आजीच म्हनायचं. अज्जी म्हनलं की सगळी हसत्यात."

नीलम्मानं पाणी आणून दिलं. दानू खाली मान घालून प्यायली. त्या रात्री नीलम्मा जेवली नाही; सोमवार नव्हता, तरी उपास आहे म्हणाली.

सकाळी तिनं रुद्राणीला सांगितलं, "दानूला घिऊन जा. तिथंच शाळंत घाल."

रुद्राणी वेणी घालत होती. तिचे हात थांबले. "कावून?"

"तिथं तिला बोलता येतंय. इथं ती गप बसंल. आन इथं शिकून मोठी झाली तर तिथं बी गप बसंल."

"आन मी? माझ्याशी त्या घरात कोन बोलंल?"

नीलम्मानं दोरीवरचा दानूचा फ्रॉक काढला. त्याची घडी घालायला लागली.

रुद्राणी हसली, कुणाकडंही न बघता. "शेवटी तुझं कर्नाटकच भारी. तवा बी तिकडंच, आता बी तिकडंच. अप्पा असते तर त्यांनी ठिवून घेतलं असतं."

तसं नाही गं, असं नीलम्माला म्हणायचं होतं. तेव्हा मी माझ्यासाठी बोलले, आता तुझ्या पोरीसाठी बोलतेय, आणि या बोलण्यानं माझंच घर रिकामं होतंय. पण शब्द तेच होते, लग्नाच्या वेळचे. आयुष्यभर एका बाजूचं वजन वाढवून सांगितल्यावर आज खरं माप सांगितलं तरी कोण धरणार? ती एवढंच म्हणाली, "डब्यात चटणी देते."

निघताना तिनं फळीवरचा एक कप काढून दानूच्या पिशवीत घातला. रुद्राणीनं तो काढून गल्ल्यावर ठेवला. "ह्यावर काय लिवलंय ते तिथं कोन वाचनार?"

लातूरची बस आली. लातूरवरून पुढं गुलबर्ग्याची. रुद्राणी चढताना म्हणाली, "हद्दीच्या पुढं मला तिकीट न्हाई आता. तेवढं तरी खरं निघालं तुझं." खिडकीतून दानू हात हलवत होती. बस वळायला लागली, ओळखीची पोरं मागं पडली, तशी ती जोरात ओरडली, "अज्जी!" नीलम्मानं हात वर केला. रुद्राणी पलीकडं बघत होती.

संध्याकाळी धुळाजी चहापत्तीला आला. गल्ल्यावरचा कप बघून म्हणाला, "रुद्राचा ना हा? काय बोलायची पोरगी! आमी हातातलं काम सोडून ऐकायचो."

"हो," नीलम्मा म्हणाली. तिनं कप पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.

सकाळी ती नेहमीसारखी पूजेला बसली. विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं. ओठ हलायला लागले आणि थांबले. मग तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्या आवाजात, एक एक शब्द सुटा सुटा करत, शेजारी बसलेल्या लहान पोरीला शिकवावं तसं. मध्ये दोन ठिकाणी ती अडली. इतकी वर्षं ओठांत म्हटलेलं, उच्चार झिजून गेले होते. ते शब्द तिनं पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. बाहेर दूधवाल्यानं हाक मारली, नीलम्माकाकू, कुणाशी बोलताय? घरात कुणी नव्हतं.