बुधवारची दुपार

कोर्टाच्या अर्जात मी एक वाक्य हट्टाने घातलं होतं: मुलगी माझ्याकडे राहिली, तर पुण्याहून माझी आई येईल आणि तिचं सगळं बघेल. माझ्या डच वकीलबाईंनी ते दोनदा खोडलं, मी दोनदा परत लिहिलं. हुकमाचा एक्का कोणी खिशात ठेवतं का?

आम्ही नवरा-बायको वेगळे झालो तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तिची आई नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवन गावातच, सायकलने दहा मिनिटांवर राहायला गेली. पालक कागदोपत्री दोघंही राहणार होतो. वाद एवढाच, की मुलीने कुणाकडे किती दिवस राहायचं. मला अर्धा आठवडा हवा होता. भीक मागत नव्हतो, बाप होतो मी तिचा.

न्यायाधीशबाई माझ्याहून लहान असाव्यात. दुभाष्यामार्फत त्यांनी विचारलं, "बुधवारी शाळा लवकर सुटते. दुपारी तिच्याजवळ कोण असेल?"

"माझी आई."

"मुलगी आजारी पडली तर?"

"आई आहे ना."

"तुमच्या आईला इथे किती दिवस राहता येतं?"

"तीन महिने."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी तुमच्याबद्दल विचारते आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या देशात आजीलाही नातवंडांकडे जायचं तर आधी वेळ ठरवावी लागते, त्या देशाने मला कुटुंब शिकवायचं! ऑफिसातले डच बाप आठवड्यातला एक दिवस मुलांसाठी घरी राहतात. त्या दिवसाला 'पापादाख' म्हणतात. मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. स्वतः मात्र संध्याकाळी सातपर्यंत कंपनीतल्या मशीनपाशी, मुलीच्याच भवितव्यासाठी.

मुलीची आई एक अक्षर खोटं बोलली नाही, याचाच जास्त राग आला. शाळेतल्या बाईंचं नाव, दाताच्या डॉक्टरची पुढची तारीख, सगळं तिला तोंडपाठ. मुलीचा पोहण्याचा क्लास शनिवारी असतो, एवढं मला माहीत होतं. तो वर्षभरापूर्वीच मंगळवारवर गेला होता.

निकाल आला: एकाआड एक शनिवार-रविवार, आणि बुधवारची दुपार, तीही वडील स्वतः घरी असतील तर. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. कागद फाडून टाकावासा वाटला. अर्धा आठवडा तर गेलाच, वर अर्ध्या दिवसालाही अट.

मॅनेजरकडे दर बुधवारची अर्धी रजा मागितली. तो मान वर न करताच "अर्थात" म्हणाला. इतकं सोपं होतं तर मी इतकी वर्षं काय करत होतो, या विचाराने आणखीच चिडलो.

मग आईला फोन केला. तिची बॅग भरत आली होती. म्हटलं, येऊ नकोस, बुधवारी मीच घरी असणार आहे.

"तू?" आई चक्क हसली. "आणि पोरीकडे बघणार कोण?"

कोर्टात निदान मला विचारलं तरी होतं. रागारागात फोन ठेवला, आणि शाळेतून आल्यावर तिला खायला काय द्यायचं, हे विचारायचं राहूनच गेलं. शेवटी नाक मुठीत धरून मुलीच्या आईला मेसेज केला.

लगेच उत्तर आलं: "तिलाच विचार ना. सात वर्षांची आहे ती, बोलता येतं तिला."