बोअरचा नारळ
नारळ फुटल्याचा आवाज आला की मला वरोऱ्याकडचं आमचं शेत दिसतं. बोअरची गाडी तिथे येऊन उभी राहिली, तेव्हा पाण्यासाठीच खणतायत असं समजून आईनं मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. चौथ्या दिवशी नळीतून काळा, चकाकता दगड निघाला. तो कोळसा होता. आता शेत जाणार, हे मी ओळखलं. आईनं त्यालाही कुंकू लावलं आणि मशीनवाल्याला विचारलं, "भाऊ, पाणी लागन नं?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरी, तूच सांग तुह्या मायले." तिचा फुललेला चेहरा बघून मी म्हणाले, "लागन." आज तिथे बंद पडलेली खाण आहे, तिच्यात हिरवं पाणी तुंबलंय. परवा काठावर उभी राहून आई म्हणाली, "तू म्हणत होती, लागन. लागलं नं, बाई."