मरघटातली हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, राजेशला तर नाहीच — आणि राजेश त्या रात्री माझ्यासोबत होता. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी गोंदिया तालुक्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. राहतो कुडव्याला, मोटारसायकलनं रोज जाणं-येणं. गावात मला मान आहे, कारण पोरं पास होतात आणि मी भुतांना भीत नाही. जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवणं, नारळातून निघणाऱ्या धुराचं गुपित फोडणं — हे माझं काम. कुणाच्या अंगात आलं की लोक मला बोलवायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

गावाबाहेर तलावाच्या पाळीखाली जुनं मरघट आहे. तिथं माणसं पुरायची पद्धत. मोहाच्या झाडांखाली दगडांचे उंचवटे, बरेच ढासळलेले. कुठला कुणाचा, हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. शेतांकडे जायची जवळची वाट तिथूनच होती. पण रात्री तिथं कुणी बाई रडते अशी आवई उठली आणि लोकांनी ती वाट सोडली. वळसा घालून जाऊ लागले.

राजेश माझा शेजारी. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि नाद भुतं शोधण्याचा. फोनवर तसले व्हिडिओ बघून त्यानं कसलंसं लुकलुकणारं यंत्रही मागवलं होतं. त्याला भूत सापडायला हवं होतं, मला ते नाही हे दाखवायचं होतं. जोडी बरी जमली. मी चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगून टाकलं — आज रात्री आम्ही मरघटात बसणार, ज्याला यायचं त्यानं त्या वाटेनं खुशाल यावं.

तिथं मन्साराम बसला होता. साठीचा, कमी बोलणारा माणूस. शेतात कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, ते रानडुकरांपासून राखायला तो रात्री जागलीला जायचा. बशीतला चहा संपवून म्हणाला, "सर बसून राहिले तेथ, मंग मी कायले वळसा घालू?"

लोक हसले. मीही हसलो. त्या हसण्याचं मी काय करू? असो. पुढचं सांगतो.

थंडी होती. राजेश यंत्र घेऊन मरघटाच्या वरच्या टोकाला बसला. मी खालच्या टोकाला. पलीकडे, वाटेला लागूनच, लोकांनी मुरूम खोदून नेलेला मोठा खड्डा. विजेऱ्या बंद ठेवायच्या असं ठरलेलं. सुरुवातीला गंमत वाटली. मग हळूहळू... कसं सांगू? त्या उंचवट्यांकडे पाठ करून बसवेना, आणि तोंड करून बसलो तर तेही नको वाटे. अंधारात छाती का धडधडते, हे मी दरवर्षी वर्गात समजावून सांगतो. ते सगळं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मग काहीतरी घसरल्याचा आवाज आला. दगड गडगडले. थोडा वेळ शांतता — आणि मग खोल, जमिनीतून आल्यासारखा आवाज.

"सर..."

मी ऐकलं. वारा होता, कोल्हा होता, असं मी म्हणणार नाही.

"सर... इकडं या जी."

भूत कुणाला 'जी' म्हणतं का? एवढं मला तेव्हाही कळलं. कुणीतरी खड्ड्यात पडलंय, गावातलंच, मी इथं बसलोय हे ठाऊक असलेलं — डोक्यात एका बाजूला हे लख्ख होतं. पण दुसऱ्या बाजूला माझी आई बोलत होती. रात्री हाक आली तर ओ देऊ नये, भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी आली तरच माणूस समजावं — लहानपणी ती सांगायची. याच गोष्टीवर मी वर्गात पोरांना हसवलं होतं. आणि आता तीच गोष्ट घट्ट धरून मी बसलो. तिसऱ्या हाकेची वाट बघत. विजेरी हातात होती — ती मी लावलीसुद्धा नाही.

तिसरी हाक आली नाही.

मी उठून राजेशकडे गेलो, जवळजवळ पळतच. "चल, निघू."

"क्यों? काही दिसलं का?"

"काही नाही रे. थंडी वाजून राहिली."

त्याला तिकडं काहीच ऐकू आलं नव्हतं. घरी आल्यावर गावात कुणालाही फोन करता आला असता. फोन उशाशीच होता. पण काय सांगणार होतो? हाक ऐकली आणि पळून आलो — हे? मी पडून राहिलो. आणि नंतर मला झोप लागली. हेही सांगायला हवं.

सकाळी गुरं चारायला निघालेल्या ढोरक्याला खड्ड्यात मन्साराम सापडला. घरचे समजत होते, तो शेतात झोपलाय. मृतदेह गोंदियाला नेला तेव्हा गाडीत मीही होतो. तिथं सगळ्यांत जास्त शिकलेला मीच, म्हणून डॉक्टरांनी मलाच बाजूला घेतलं. म्हणाले, "पडल्यावर बराच वेळ जिवंत असावा. रात्रीच आणलं असतं, तर..." ते मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत गावात झालं, की मरघटातल्या बाईनं त्याला ओढलं. मग मी त्याच्याच अंगणात उभा राहून लोकांना समजावलं. भूत नाही, अंधार होता, पाय घसरला. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही. लोक पांगले तेव्हा त्याची बायको, सुभद्राकाकू, माझ्याजवळ आली.

"सर, तुमी तं तेथच होते ना जी. त्यायनं आवाज नाही देला का?"

तिच्या तोंडाकडे बघत मी म्हणालो, "नाही काकू. आवाज दिला असता तर मी धावलो नसतो का? पडल्या पडल्याच गेले ते. त्रास झाला नाही."

तिनं मान हलवली. "बरं झालं बापा," म्हणाली. "मले रातभर तेच वाटत होतं, पाणी मांगितलं असन म्हनून."

तिला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मी माझ्यासाठी बोललो.

खड्डा आता बुजवलाय. ती वाट पुन्हा सुरू झाली आहे. तिन्हीसांजेला सुभद्राकाकू डोक्यावर गवताचा भारा घेऊन मरघटातून एकटी येते. दुसऱ्या बायांना म्हणते, सर स्वतः बसले होते तेथ, काही नाही तेथ. बाया तिच्यामागून येतात.

मी मात्र त्या बाजूला जायचं झालं, तर कामठ्याच्या रस्त्यानं लांबून जातो. भर दुपारीसुद्धा.