हे कुठं दिसलं?

“हे कुठं दिसलं?” असं म्हणत बाई हिरव्या पेनाचं टोक माझ्या विशेषणावर टेकवायच्या. खोडायची वेळ येत नसे. विशेषण आपणच लाजून उठून जायचं.

गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत आम्ही वेबसाइटसाठी व्हिडिओ गेमची मराठीत माहिती लिहायचो. हाणामारी किती, प्रेमप्रसंग कसे, वगैरे. आईबाप वाचत, खेळणारेही वाचत. लिहायला मी, तपासायला बाई. त्या मूळच्या सटाण्याच्या, सगळी नोकरी कोर्टात साक्षी टाइप करण्यात गेलेली. गेमकडेही त्या साक्षीदारासारख्याच बघत. आधी आवाज बंद करून, मग लावून.

एका गेममध्ये नायक नायिकेचं चुंबन घेतो. त्यावरून खेळाडूंत चांगलीच जुंपली होती. बाई रजेवर होत्या, म्हणून मी लिहून मोकळा झालो: ‘हळुवार, रोमँटिक प्रसंग.’ आठवड्यानं कॉलेजातल्या एका मुलीची मेल आली. ‘तिथं मला इतकं कसंतरी झालं की मी गेम बंद केला. तुम्ही हळुवार म्हणता. माझंच चुकतंय का?’

मी घाबरलो आणि थेट दुसऱ्या टोकाला गेलो. ‘किळसवाणा अत्याचार.’

बाई चिडल्या की अहिराणी बाहेर यायची. “हाई काय शे? काल हळुवार, आज अत्याचार! प्रसंग तोच ना, भाऊ?”

मग सकाळभर तेवढाच तुकडा आम्ही थांबवत थांबवत पाहिला. बाई सांगत, मी लिही. ‘तो जवळ येतो. ती मान वळवते. तो थांबत नाही. नंतर ती हसते. खेळणाऱ्याला थांबण्याचा पर्याय मिळत नाही. काही खेळाडू हसण्याला संमती मानतात, काही मान वळवण्याला नकार.’

“आणि तुमचं मत, बाई?”

“ते घरी जाताना रिक्षात सांगेन. इथं त्या पोरीनं बघितलेली मान जागेवर पाहिजे. बाकीच्या खेळाडूंनी बघितलेलं हसूही पाहिजे.”

नवा मजकूर मी त्या मुलीला पाठवला. तिचं उत्तर दोनच शब्दांचं होतं. ‘हेच दिसलं.’ बाईंनी त्याची प्रिंट काढून माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवली.

एवढं शिकून मी काय केलं, ऐका. बाई काम सोडून सटाण्याला बहिणीकडे राहायला निघाल्या. “सत्कार नको. शाल तर नकोच,” त्यांनी मला बजावलं. आपल्याकडे ‘नको’ म्हणजे आग्रहाचं आमंत्रण! मी शाल, नारळ, फोटोवाला, सगळं जमवलं. फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘सत्कारानं बाई भारावून गेल्या.’

सटाण्याहून फोन आला.

“भारावले, हे कुठं दिसलं?”

फोन चालू असतानाच मी पुन्हा लिहिलं आणि वाचून दाखवलं. ‘बाई नको म्हणाल्या होत्या. मी शाल घातली. त्या एक पाऊल मागे सरकल्या. फोटोत त्या हसत आहेत.’ आणि भीत भीत विचारलं, “याच्यावर वाद आहे, असं लिहू का?”

“कसला वाद? त्या गेममधली बाई बोलली तरी नव्हती. मी तोंडानं सांगितलं होतं.”

“शाल परत मागवू?”

“राहू दे. इथं थंडी बरी आहे,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू मी कशातच धरलं नाही.

त्यांच्या खुर्चीवर आता नव्या संपादक बसतात. त्या आल्या त्या दिवशी मी गुच्छ घेऊन गेलो, आणि दारातच थांबून विचारलं, “देऊ?”

“नको,” त्या म्हणाल्या.

गुच्छ चार दिवस माझ्याच टेबलावर होता. काचेखालच्या त्या दोन शब्दांकडे बघत मी त्याला रोज पाणी घालत होतो.