राक्षस मारणारा डबा

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या चाळीचा देखावा ऐन रंगात आला आणि तो चालवणारा माझा कॉम्प्युटर बंद पडला. आवाज गेला, दिवे गेले, मारायला काढलेला राक्षस हात वर करून तसाच उभा. मंडळाचा माईक शेजारच्या खोलीतल्या माझ्या बालमित्राकडे असतो. त्याने अख्ख्या लालबागला ऐकवलं, "जरा थांबा, आमचे इंजिनीअर झोपलेत." मी बँकेत कारकून आहे हे सगळ्यांना माहीत, म्हणून लोक जास्तच हसले.

तेव्हाच ठरवलं, यंदा राक्षस वेळेवर मारायचा आणि याच माईकवरून याला नाक घासायला लावायचं.

पंचाईत एकच. तो वर्षभर माझ्या मागे लागला होता, "एसएमपीएस बदल रे." म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. मलाही तोच बिघडला असावा असं वाटत होतं. पण बदलला तर याचं ऐकल्यासारखं होणार, आणि नाही बदलला तर राक्षस पुन्हा वाचणार.

शेवटी गुपचूप लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला. जुन्याचं स्टिकर वाफेवर सोडवून नव्याला चिकटवलं, वर जुन्याचीच धूळ फासली. वाफ आईच्या मोदकांची होती. ती म्हणाली, "मेल्या, ह्यां डोक्यां शाळेत चालवलं असतंस तर..."

पहिल्या संध्याकाळी राक्षस मेला. माईकवरून घोषणा झाली, "जुन्याच डब्यावर चालवून दाखवलं गड्याने. मी हरलो." माझा सूड तिथेच संपायला हवा होता. पण आरतीनंतर तो घरी आला. त्याच्या कॉम्प्युटरचा डबा गेला होता. असाच एखादा दणकट, जुना मिळेल का, म्हणाला. मी पलंगाखाली लपवलेला खरा जुना डबा काढून त्याच्या हातात ठेवला. "घे. जोडीतलाच आहे." ऐन कामात त्याचा पडदा काळा होतोय, हे चित्र बघत मी मोदक खाल्ले.

दोन दिवसांनी मंडपाबाहेर ढोलपथक सुरू झालं आणि माझाच पडदा काळा झाला. डबा नवा, राक्षस तोच, हात वर. मूर्तीमागे शिरून बघतो तर ढोलाच्या हादऱ्याने एक्स्टेन्शन बोर्डातला प्लग निसटलेला. बोर्ड माझा, गेल्या वर्षीचाच. आणि मूर्तीमागच्या वायरींना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियमही माझाच.

म्हणजे गेल्या वर्षीही प्लगच निसटला होता, जुना डबा ठणठणीत होता, आणि तो मी दुष्मनाला घरात बसवून दिला होता.

गणपती गेले. त्याचा कॉम्प्युटर आजवर एकदाही अडलेला नाही. जिन्यात भेटला की म्हणतो, "काय डबा दिलास रे! तुझा कसा चाललाय, जोडीतला?" मी बरा म्हणतो. भिंतीपलीकडून त्या डब्याच्या पंख्याची घरघर येते, ओळखीची. ऑफिसातून आलो की मी भिंतीला टेकून चहा पितो आणि ती घरघर कधी थांबते याची वाट बघतो.